पेनड्राइव्हवरचा फाइल मॅनेजर: दुसऱ्या संगणकावर असोसिएशन आणि शॉर्टकट का तुटतात आणि ते कसे दुरुस्त करावेत

घरच्या संगणकावर सुरळीत चालणारा पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता थेट पेनड्राइव्हवरून चालणारा, फाइल मॅनेजर ऑफिसात किंवा महाविद्यालयाच्या संगणक कक्षात नेला की तक्रारी सुरू होतात. पीडीएफ निवडून एंटर दाबले तर कार्यक्रम (प्रोग्रॅम) सापडत नसल्याचा संदेश येतो, टूलबारवरच्या बटणांची चित्रे नाहीशी होतात, आणि मोठ्या हौसेने तयार केलेले शॉर्टकट कोऱ्या पांढऱ्या चिन्हासह निर्जीव पडून राहतात. मग बहुतेक जण त्याच संगणकावर 'ओपन विथ' वापरून सगळे पुन्हा जोडतात, काम होते, आणि घरी परतल्यावर तीच अडचण उलट बाजूने उभी राहते. ही दुरुस्ती पुन्हा पुन्हा करावी लागते, कारण ती दर वेळी चुकीच्या जागी केली जाते.

या लेखातील उदाहरणे टोटल कमांडरची आहेत, कारण पेनड्राइव्हवर तो फार पूर्वीपासून वापरला जातो आणि त्याची नोंदपद्धत उघड व वाचता येण्याजोगी आहे. पण तत्त्व डबल कमांडर किंवा तशाच इतर फाइल मॅनेजरनाही लागू पडते. फाइलनावे, आज्ञा आणि मेनूंची नावे येथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष टंकताना ती रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच लिहावीत.

एखादी फाइल कोणत्या कार्यक्रमात उघडायची ही जोडणी, म्हणजेच असोसिएशन, तीन वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलेली असू शकते, हे आधी ध्यानात घ्यावे. पहिले ठिकाण म्हणजे त्या संगणकावरच्या विंडोजची रजिस्ट्री (सेटिंग साठवण्याची मध्यवर्ती नोंदवही), दुसरे म्हणजे फाइल मॅनेजरची स्वतःची सेटिंग फाइल, आणि तिसरे म्हणजे शॉर्टकटची फाइल, जिच्या पोटात मूळ कार्यक्रमाचा संपूर्ण पाथ (पत्ता) साठवलेला असतो. यांपैकी रजिस्ट्री पेनड्राइव्हबरोबर कधीच प्रवास करत नाही. शॉर्टकट प्रवास करतो, पण जुना पत्ता घेऊन. फाइल मॅनेजरची सेटिंग फाइल तेवढी खऱ्या अर्थाने आपल्याबरोबर येते, आणि तीही तिच्यातला पाथ योग्य रीतीने लिहिला असेल तरच उपयोगी पडते. त्यामुळे दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी बिघाड यांपैकी नेमका कोठे आहे हे ठरवणे आवश्यक आहे.

ते ठरवण्याची चाचणी सोपी आहे. जी फाइल उघडत नाही ती फाइल मॅनेजरमध्ये एंटर दाबून उघडून पाहावी, आणि नंतर तीच फाइल विंडोजच्या नेहमीच्या एक्सप्लोररमध्ये डबल क्लिक करून पाहावी. दोन्हीकडे एकच चूक येत असेल तर उत्तर रजिस्ट्रीकडून येत आहे आणि फाइल मॅनेजर केवळ निरोप पोहोचवत आहे. एक्सप्लोररमध्ये फाइल नीट उघडते आणि फाइल मॅनेजरमध्ये मात्र उघडत नाही, असे असेल तर दोष फाइल मॅनेजरच्या अंतर्गत नोंदीत आहे. चूक दाखवणाऱ्या संदेशात छापलेला पाथही काळजीपूर्वक वाचावा. पेनड्राइव्हला आज 'जी' हे अक्षर मिळाले असताना संदेशात 'ई:\साधने\सुमात्रा' (सुमात्रा हा पीडीएफ वाचण्याचा कार्यक्रम) असे काही दिसत असेल, तर कुठे तरी घरच्या संगणकावरचे ई हे अक्षर पक्के लिहिले गेले आहे, एवढे तरी निश्चित होते.

टोटल कमांडरच्या 'फाइल्स' मेनूमध्ये 'असोसिएट विथ' आणि 'इंटर्नल असोसिएशन' अशा दोन वेगळ्या आज्ञा आहेत, आणि बहुतेक गोंधळाचे मूळ येथेच असते. पहिली आज्ञा विंडोजच्या रजिस्ट्रीत नोंद करते. दुसरी आज्ञा केवळ टोटल कमांडरपुरती नोंद करते आणि ती त्याच्या विनसीएमडी डॉट आयएनआय या सेटिंग फाइलमध्ये, 'असोसिएशन्स' या विभागात जाते. (फाइलचे हे नाव पूर्वीच्या 'विंडोज कमांडर' या नावावरून आले आहे, कार्यक्रमाचे नाव २००२ मध्ये बदलले, फाइलचे तेच राहिले.) पेनड्राइव्हवर वापरायच्या प्रतीसाठी पहिली आज्ञा जवळजवळ नेहमीच चुकीची ठरते, आणि तरीही तीच अधिक वापरली जाते.

शिवाय विंडोज ८ पासून पुढच्या आवृत्त्यांत पहिली आज्ञा अनेकदा परिणामकारकही ठरत नाही. वापरकर्त्याने विंडोजच्या स्वतःच्या खिडकीतून निवडलेला मूलभूत कार्यक्रम 'यूजर चॉइस' नावाच्या नोंदीत राहतो आणि तिच्यासोबत पडताळणीचा एक हॅश (नोंदीवरून काढलेला सांकेतिक आकडा) साठवलेला असतो. एखाद्या कार्यक्रमाने परस्पर ती नोंद बदलली तर हॅश जुळत नाही आणि विंडोज तो बदल मानत नाही. त्यामुळे फाइल मॅनेजरने रजिस्ट्रीत लिहिलेली नोंद तेथे असूनही डबल क्लिक केल्यावर जुनाच कार्यक्रम उघडतो. हा फाइल मॅनेजरमधला दोष नाही. एखाद्या कार्यक्रमाने वापरकर्त्याला न विचारता सगळ्या फाइली स्वतःकडे ओढून घेऊ नयेत यासाठी केलेली ती तजवीज आहे, आणि माझ्या मते ती योग्यच आहे.

रजिस्ट्रीतला आणखी एक सापळा फार जणांना छळतो. 'ओपन विथ' मधून 'दुसरा कार्यक्रम निवडा' असे सांगून एखादी एक्झी (कार्यक्रम सुरू करणारी) फाइल दाखवली, की विंडोज तिची नोंद 'एच-की करंट यूजर' मधील 'सॉफ्टवेअर', 'क्लासेस', 'ॲप्लिकेशन्स' या शाखेत केवळ एक्झीच्या नावाने करते. समजा, नोटपॅड प्लस प्लस आधी ई ड्राइव्हवरून जोडले होते आणि आता ते जी ड्राइव्हवर आहे. नव्या जागेवरची एक्झी कितीही वेळा निवडली तरी ती यादीत दिसतच नाही, कारण त्याच नावाची नोंद आधीपासून आहे आणि ती आता अस्तित्वात नसलेल्या ई ड्राइव्हकडे बोट दाखवते. विंडोज नवी नोंद करत नाही, आणि जुनी मृत असल्यामुळे ती दाखवतही नाही. अशा वेळी रजिस्ट्री एडिटर उघडून त्या एक्झीच्या नावाच्या शाखेत 'शेल', 'ओपन', 'कमांड' येथपर्यंत जावे आणि तिथला पाथ दुरुस्त करावा, किंवा ती एक शाखा आधी एक्सपोर्ट करून मग काढून टाकावी. रजिस्ट्रीत हात घालायचा नसेल तर एक्झीची प्रत वेगळ्या नावाने करून ती निवडली तरी काम भागते. दुसऱ्याच्या किंवा संस्थेच्या संगणकावर मात्र यांपैकी काहीही करू नये. तेथे अंतर्गत असोसिएशनवरच राहावे.

आता अंतर्गत असोसिएशनकडे वळू, कारण खरा उपाय तेथे आहे. टोटल कमांडर सुरू होताना कमांडर_पाथ, कमांडर_ड्राइव्ह आणि कमांडर_आयएनआय असे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (वापरताना ज्यांच्या जागी प्रत्यक्ष मजकूर येतो अशी नावे) स्वतःच तयार करतो. पहिल्यात तो ज्या फोल्डरमधून सुरू झाला त्याचा पाथ असतो, दुसऱ्यात ड्राइव्हचे अक्षर कोलनसह असते, आणि तिसऱ्यात वापरात असलेल्या सेटिंग फाइलचा पाथ असतो. अंतर्गत नोंदीत 'ई:\साधने\सुमात्रा\सुमात्रापीडीएफ.एक्झी' असे न लिहिता '%कमांडर_ड्राइव्ह%\साधने\सुमात्रा\सुमात्रापीडीएफ.एक्झी' असे लिहिले, की ड्राइव्हला कोणतेही अक्षर मिळाले तरी नोंद लागू पडते. टोटल कमांडर आणि इतर साधने एकाच मोठ्या फोल्डरमध्ये शेजारी शेजारी ठेवली असतील तर '%कमांडर_पाथ%\..\सुमात्रा\' असा एक पायरी वर जाणारा पाथ त्याहून चांगला. मग तो संपूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवरून उचलून हार्ड डिस्कवर कोठेही ठेवला तरी काही बिघडत नाही. डबल कमांडरमध्येही कमांडर_पाथ हेच नाव चालते.

येथे अवतरणचिन्हांकडे दुर्लक्ष करू नये. पाथमध्ये रिकामी जागा असेल तर पाथ दुहेरी अवतरणांत हवा, आणि फाइलसाठीचे %१ हे चिन्हही स्वतंत्र अवतरणांत हवे. ते नसेल तर 'मार्च अहवाल अंतिम' या नावाची एक फाइल उघडण्याऐवजी कार्यक्रम तीन निरनिराळ्या फाइली शोधू लागतो आणि तिन्ही सापडत नसल्याची तक्रार करतो. काही फाइली उघडतात आणि काही उघडत नाहीत, अशी विचित्र लक्षणे दिसली तर आधी नावातल्या रिकाम्या जागा तपासाव्यात.

नोंद अचूक असूनही ती पाळली जात नाही, असेही घडते. ज्या संगणकावर टोटल कमांडर आधीच इन्स्टॉल केलेला आहे, तेथे त्याच्या सेटिंग फाइलचा पत्ता रजिस्ट्रीत लिहिलेला असतो. आपण पेनड्राइव्हवरची प्रत सुरू केली तरी ती तो पत्ता वाचून त्या संगणकावरची सेटिंग उचलू शकते, आणि आपली सगळी असोसिएशन, बटणे व कळा एकदम नाहीशा झाल्यासारख्या वाटतात. हे पडताळण्यासाठी टोटल कमांडरच्या तळाशी असलेल्या आज्ञापट्टीत 'सीएमडी /के एको %कमांडर_आयएनआय%' असे टंकून एंटर दाबावे. काळ्या खिडकीत जो पाथ उमटेल तीच सध्या वापरात असलेली सेटिंग फाइल. तो पाथ पेनड्राइव्हवरचा नसेल तर पेनड्राइव्हवरच्या विनसीएमडी फाइलमध्ये, 'कॉन्फिगरेशन' विभागात, 'यूज आयएनआय इन प्रोग्रॅम डिर' ही ओळ (शब्द सलग जोडून) ७ या किमतीसह लिहावी. हा ७ म्हणजे तीन सूचनांची बेरीज आहे: १ म्हणजे मुख्य सेटिंग कार्यक्रमाच्या फोल्डरमधून घ्यावी, २ म्हणजे एफटीपीची सेटिंगही तेथूनच घ्यावी, आणि ४ म्हणजे रजिस्ट्रीतला पत्ता बाजूला सारावा. ४ वगळून केवळ ३ लिहिले तर नेमकी ही अडचण सुटत नाही. सुरू करण्याच्या आज्ञेत '/आय=' देऊन वेगळी फाइल सांगितली असेल तर तीच वरचढ ठरते, म्हणून ज्या शॉर्टकटवरून कार्यक्रम सुरू केला तोही पाहून घ्यावा. सेटिंग फाइल हाताने बदलताना टोटल कमांडर बंद ठेवावा. डबल कमांडरमध्ये याच कामासाठी सेटिंग कोठे ठेवायची हे पर्यायांच्या खिडकीतच विचारलेले असते, आणि तेथे कार्यक्रमाचे फोल्डर निवडले की पुरते.

कळांचे शॉर्टकट का चालत नाहीत याचे कारण बहुधा याहून साधे असते. कोणत्या कळेला कोणती आज्ञा हे विनसीएमडीच्या 'शॉर्टकट्स' विभागात असते, पण 'ईएम_' ने सुरू होणाऱ्या, वापरकर्त्याने स्वतः बनवलेल्या आज्ञांची व्याख्या यूजरसीएमडी डॉट आयएनआय या दुसऱ्या फाइलमध्ये असते. पेनड्राइव्हवर प्रत करताना केवळ पहिली फाइल घेतली तर कळ दाबल्यावर ज्या आज्ञेचा शोध घेतला जातो ती मुळात अस्तित्वातच नसते. टूलबारच्या बटणांसाठी डिफॉल्ट डॉट बार ही तिसरी फाइल आहे. बटणांची चित्रे गेली असतील तर त्या फाइलमधले चित्रांचे आणि आज्ञांचे पाथ वर सांगितल्याप्रमाणे व्हेरिएबल वापरून लिहावेत, आणि विनसीएमडीमध्ये त्या बार फाइलचा स्वतःचा पाथ कसा लिहिला आहे तेही पाहावे, कारण तोच पक्क्या अक्षराने लिहिलेला असल्याचे आढळते. कंट्रोल आणि डी दाबल्यावर उघडणारी आवडत्या फोल्डरांची यादीही याच नियमाने सुधारता येते.

विंडोजच्या शॉर्टकट फाइलचा प्रश्न अधिक अवघड आहे. तिच्यात लक्ष्याचा संपूर्ण पाथ, ड्राइव्हचा प्रकार, व्हॉल्यूमचा अनुक्रमांक आणि लेबल इतके सारे साठवलेले असते. पण तेवढ्यावरून पेनड्राइव्हचे बदललेले अक्षर विंडोज खात्रीने शोधून काढील असे नाही. हलवलेल्या फाइलीचा माग ठेवणारी विंडोजची यंत्रणा एनटीएफएस फाइलप्रणालीतल्या ओळखक्रमांकावर चालते, आणि पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट असतो, जेथे असा क्रमांकच नसतो. म्हणून पेनड्राइव्हवर शॉर्टकट ठेवण्याऐवजी लहानशी बॅच फाइल (आज्ञा लिहिलेली साधी मजकूर-फाइल) ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे. तिच्यात 'स्टार्ट' ही आज्ञा, त्यानंतर रिकामी दुहेरी अवतरणचिन्हे, आणि मग अवतरणांतच टक्क्याचे चिन्ह, टिल्ड, डी, पी, शून्य ही पाच अक्षरे व त्यांना लागूनच पुढचा पाथ, एवढी एकच ओळ पुरते. त्या पाच अक्षरांच्या जागी बॅच फाइल ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचा पाथ शेवटच्या तिरक्या रेघेसह आपोआप येतो, म्हणून पुढे वेगळी रेघ द्यावी लागत नाही. मधली रिकामी अवतरणे अनावश्यक वाटतात, पण ती गाळू नयेत. 'स्टार्ट' पहिल्या अवतरणांतला मजकूर खिडकीचे शीर्षक समजते, त्यामुळे ती नसतील तर कार्यक्रम उघडण्याऐवजी नुसती काळी खिडकी उघडते.

पोर्टेबलॲप्स डॉट कॉमच्या पद्धतीने बांधलेले कार्यक्रम जोडताना फोल्डरच्या सर्वांत वरच्या पातळीवरची लाँचर एक्झी निवडावी, आतल्या 'ॲप' फोल्डरमधली मूळ एक्झी नव्हे. लाँचर सेटिंगमधली जुनी ड्राइव्ह अक्षरे बदलतो आणि वापरकर्त्याची माहिती पेनड्राइव्हवरच ठेवतो. आतली एक्झी थेट सुरू केली तर हे काम होत नाही आणि माहिती त्या संगणकावर जाऊन बसू शकते. चालू कार्यक्रम टास्कबारवर पिन केला की पिन आतल्या एक्झीलाच लागते, म्हणून पोर्टेबल कार्यक्रम अशा रीतीने पिन करू नयेत.

पेनड्राइव्हला डिस्क मॅनेजमेंटमधून एकच अक्षर नेमून द्यावे, असा सल्ला नेहमी दिला जातो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. ते अक्षर केवळ त्या संगणकाच्या लक्षात राहते, आणि नेमून देण्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. जेथे ते नाहीत तेथे 'सबस्ट पी: जी:\' अशी आज्ञा देऊन पेनड्राइव्हला तात्पुरते पी हे अक्षर देता येते. जुन्या कार्यक्रमांच्या आत पक्के पाथ असतात आणि ते बदलताच येत नाहीत, अशा वेळी हा मार्ग उपयोगी आहे. प्रशासक म्हणून सुरू केलेल्या कार्यक्रमाला मात्र साध्या सत्रात बनवलेले हे अक्षर दिसत नाही.

मराठी नावांच्या फाइलींबाबत एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. विंडोजमध्ये देवनागरीसाठी जुन्या पद्धतीचे एएनएसआय कोडपेज (अक्षरांचा संकेततक्ता) नाही. देवनागरी केवळ युनिकोडमध्येच चालते. त्यामुळे युनिकोड न जाणणाऱ्या जुन्या पोर्टेबल कार्यक्रमाला फाइल मॅनेजरने 'ठराव.टीएक्सटी' हे नाव दिले की त्याच्या हाती प्रश्नचिन्हांची रांग पडते आणि तो फाइल सापडत नसल्याचे सांगतो. असोसिएशन तेथे बरोबरच असते. बदलायला हवा तो कार्यक्रम. बॅच फाइलमध्ये देवनागरी पाथ लिहायचा असेल तर पहिल्या ओळीत 'सीएचसीपी ६५००१' ही आज्ञा द्यावी आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये, बीओएमशिवाय (फाइलच्या सुरुवातीच्या अदृश्य खुणेशिवाय) जतन करावी. बीओएम राहिला तर पहिलीच आज्ञा ओळखली जात नाही. कागदपत्रांची नावे मराठीत जरूर ठेवावीत, तो आपला हक्कच आहे, पण साधनांच्या फोल्डरांची नावे रोमनमध्ये ठेवली तर असोसिएशनच्या बऱ्याच अडचणी उद्भवतच नाहीत.

झेरॉक्सच्या दुकानातून किंवा सार्वजनिक संगणकावरून परत आणलेल्या पेनड्राइव्हवर आपण न केलेले शॉर्टकट दिसले आणि मूळ फोल्डर गायब झालेले असले, तर तो असोसिएशनचा प्रश्न नसून शॉर्टकट व्हायरसचा आहे. कोणत्याही शॉर्टकटवर क्लिक न करता आधी अँटिव्हायरसने तपासणी करावी, फाइल मॅनेजरमध्ये लपवलेल्या व सिस्टिम फाइली दाखवण्याचा पर्याय चालू करावा, फोल्डर जागेवर आहेत याची खात्री करून घ्यावी, आणि मगच त्यांचे लपवलेपण काढावे.

सर्व दुरुस्त्या झाल्यावर तपासणी घरीच करता येते. फाइल मॅनेजर आणि साधने असलेले संपूर्ण फोल्डर हार्ड डिस्कवर वेगळ्या नावाने उतरवावे, आणि मूळ पेनड्राइव्ह काढून ठेवावा. पेनड्राइव्ह लावलेलाच राहिला तर पक्क्या अक्षराने लिहिलेले जुने पाथही चालत राहतात आणि दोष झाकला जातो. मग नव्या जागेवरून फाइल मॅनेजर सुरू करून प्रत्येक प्रकारची एकेक फाइल, प्रत्येक बटण आणि स्वतः नेमलेली प्रत्येक कळ वापरून पाहावी. जे चालणार नाही त्याचा पाथ सेटिंग फाइलमध्ये शोधण्यासाठी जुन्या ड्राइव्हचे अक्षर कोलन व तिरक्या रेघेसह, म्हणजे 'ई:\' असे, शोधपेटीत टाकावे. तिन्ही सेटिंग फाइलींत ते एकदाही सापडले नाही आणि सगळ्या फाइली उघडल्या, तर ते फोल्डर कोणत्याही संगणकावर न्यायला तयार आहे.